सतरा नंबरचं काळीज

१

सतरा नंबरच्या पट्ट्यात सापडलेलं काळीज गिताबाईचं नव्हतं, हे आम्हाला सोमवारी दुपारी कळलं. मग ते कुणाचं, हे कळायला शुक्रवार उजाडला. मधले चार दिवस त्या काळजाचा धनी कुठंतरी जेवत होता, जिने चढत होता, हसत होता, आणि कधीही कोसळणार होता.

आधी आमचं काम सांगते. डॉक्टर अनुपमा पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करतात. श्रमानं माणसाच्या काळजाचं काय होतं, हा त्यांचा विषय. दौंड तालुक्यातल्या राहू गावात मेंढरं विकून शेतीला लागलेली धनगरांची घरं आहेत, तशी अजून मेंढरामागं चालणारीही आहेत. त्यांच्यातल्या एकोणचाळीस जणांच्या छातीला चोवीस तास एकेक पट्टा बांधायचा. पट्ट्याला रुपयाएवढी डबी असते, ती प्रत्येक ठोक्याची वेळ टिपून ठेवते. मॅडमचं माहेर शिरूरचं, म्हणून ऑफिस शिरूरला, मार्केट यार्डाशेजारी दुसऱ्या मजल्यावर.

मी सुलक्षणा. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त. मॅडमची मदतनीस म्हणून लागले, आणि लागल्या दिवसापासून त्यांच्यावर जळत होते. उगीच आडपडदा कशाला ठेवू? माझी उमर गेली मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजण्यात. पहिल्याच दिवशी मी एका बाईचा हात धरला, तर मॅडम हसून म्हणाल्या, "राहू द्या सिस्टर, आता पट्टे आहेत." बरं, डब्यांवरचे नंबर इतके बारीक की बायकांना वाचता येईनात. मी प्रत्येक पट्ट्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. गिताबाईचा पिवळा, तिच्या जावेचा हिरवा, असा. पुण्याच्या साहेबांपुढं मॅडम म्हणाल्या, "आम्ही एक छोटी युक्ती केली." आम्ही! दोरे मी आणले, गाठी मी मारल्या, बाळंतिणींना टाके घालताना मारतात तसल्या पक्क्या.

तर सोमवारी मॅडमनी सतरा नंबरची नोंद उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. आदल्या गुरुवारी दिवसभरात अकरा वेळा ते काळीज बहकलं होतं. आठ-दहा ठोके एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे, मग पुन्हा सुरळीत. "हे असलं काळीज जोराचा श्रम झाला की थांबू शकतं," मॅडम म्हणाल्या. "गिताबाईंना आत्ताच्या आत्ता आणा."

गिताबाईला शिरूरला आणलं, तज्ज्ञाकडं नेलं. छातीचा आलेख म्हणजे ईसीजी, सरकत्या पट्ट्यावर चालणं, सगळं झालं. काळीज ठणठणीत. बावन्न वर्षांच्या बाईचं काळीज पस्तिशीचं आहे, असं तज्ज्ञ म्हणाले.

"म्हणजे पट्टा दुसऱ्याच कुणीतरी घातला होता," मॅडम म्हणाल्या. "सिस्टर, तो माणूस शोधा. त्याला माहीतसुद्धा नाही."

कोपऱ्यात बसलेले मॅडमचे सहकारी रविराज सर हळूच म्हणाले, "किंवा तुमचं सगळं संशोधनच रद्द करायची वेळ आली आहे." त्यांच्या आवाजात मला दुःख काही ऐकू आलं नाही.

२

मंगळवारी मी राहूला गेले. न्हावरा सोडून भीमेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे कांद्याची लागण. गिताबाईचं घर गावाच्या कडेला, पुढं मोठा ओटा, मागं नहाणी.

पट्टा दुसऱ्याच्या छातीवर का जाईल, याचं कारण माझ्या मते एकच होतं, आणि ते मॅडमनीच तयार केलं होतं. पट्ट्यांची पहिली फेरी झाल्यावर त्यांनी बिरोबाच्या देवळापुढं गिताबाईचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि "गावातलं सर्वांत तरुण काळीज" म्हणून टाळ्या. पुस्तकात असतं म्हणे, लोकांना उत्तेजन द्यावं. पुस्तक लिहिणारा राहूला आलेला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गावात एकमेकांची काळजं मोजायला सुरुवात झाली.

गिताबाई कांद्याची रोपं निवडत बसली होती. "पट्टा म्याच घातला हुता, शिस्टर. बिरोबाची आन."

"कुणाला दिला नाहीस? घटकाभर?"

"मी कशाला देऊ? माझा नंबर हाय गावात." मग जरा थांबून म्हणाली, "आंघुळीला काढला तेवढाच. तुमीच तर सांगितलं हुतं, भिजवू नका. डॉक्टरीणबाईनं बी काढला, मी बी काढला, दोगींनी देवळीत ठिवलं."

हे खरं होतं. मागच्या बुधवारी मॅडम आणि मी तिच्याच घरी मुक्कामाला होतो. ब्लाऊजच्या आत काही बांधायचं म्हटल्यावर बायका आधी तयारच नव्हत्या. "आधी बाईंनी बांधावा, मग आमी," असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक फेरीला मॅडम स्वतः चाळीस नंबरचा पट्टा घालतात, नमुन्याचा. त्याचा दोरा लाल.

"आणि गुरुवारी दिवसभर काय करत होतीस?"

"कांदं लावत हुते की. नवापास्नं एक वाजंस्तवर वाकल्याली. मी, नकुशी, समद्या बाया."

मी वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात तिचा नवरा मल्हार आला. उंच, काटक, डोक्याला मुंडासं. पंचावन्न वर्षं मेंढरामागं चाललेला माणूस, आणि पहिल्या फेरीत त्याचं काळीज बायकोच्या मागं पडलं होतं.

"पारावर बसाया जागा ठिवली न्हाई तुमी," तो म्हणाला. "मी गेलो की पोरं म्हंत्यात, मामा, उभं राहू नगा, दम लागंल. गिताबाईला पाठवा."

"म्हणून बायकोचा पट्टा घातलास?"

"मी?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मलाच ओशाळल्यागत झालं. "मी पाच वाजता दूध घिऊन कासुर्डीला गेलो, तितनंच मेंढराकडं. पट्टा पुरुषाचा निराळा, बाईचा निराळा. आन् मला जिकायचं आसंल तर तिचा पट्टा घालून तिलाच कशाला जिकवू?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी त्याचाही आलेख काढायला लावला. संध्याकाळी निकाल आला. मल्हारचं काळीज साफ होतं.

३

उरली नकुशी, गिताबाईची धाकटी जाऊ. अठ्ठेचाळीस वर्षांची, कामाला वाघीण. तिचा नवरा रांजणगावला कंपनीत, त्यामुळं बुधवारी मी गेले तेव्हा ती एकटीच गोठ्यात होती.

मी पट्ट्याचं नाव काढलं आणि ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आक्काचा पट्टा मी कशाला घालू? मला माझा हाय. हिरव्या दोऱ्याचा."

"आक्काचा सत्कार झाला तेव्हा वाईट वाटलं का गं?"

शेण भरता भरता तिचे हात थांबले. "शिस्टर, पहाटं मी उठती, आक्का मागनं उठती. चार पाट्या मी नेती, आक्का दोन. आन् शाल कुणाला? घरात आक्का आधी, हळदीकुकवाला आक्का आधी, आता काळीज बी आक्काचंच चांगलं. माझं काय मेल्या म्हशीचं हाय व्हय?"

मला हसू आलं, आणि लगेच गेलंही. तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. रोज मनात बोलतच होते.

आलेख काढायला ती बिनतक्रार आली. तिचंही काळीज साफ निघालं. जाता जाता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "मग डॉक्टरीणबाईच्या पट्ट्याचं काय निगालं, शिस्टर?"

"उत्तम निघालं. त्यांना काय धाड भरलीय?"

"आसं," नकुशी म्हणाली आणि पदर खोचत निघून गेली.

मॅडमचं काळीज उत्तम, हे मला नको तितकं माहीत होतं. मागच्या शुक्रवारी सकाळीच त्यांनी मोबाईलवर मला चाळीस नंबरचा गोळाबेरीज निकाल दाखवला होता. "बघा सिस्टर, त्रेचाळिसाव्या वर्षी! चार तास भरपूर श्रम केले म्हणे मी. जिने मोजले असतील." कॉलेजात धावण्याची सुवर्णपदकं मिळवलेली बाई. आता वेळ नाही असं सांगून धावत नाही, तरी काळीज खेळाडूचं. माझ्या पोटात दुखलं, दुसरं काय व्हायचं?

घरातले सगळे तपासले. सगळे धडधाकट. तरी सतरा नंबरमध्ये एक आजारी काळीज होतं आणि ते त्या घरातलं कुणाचंच नव्हतं. गुरुवारी दिवसभर मी बाकीच्या बायांची घरं पालथी घातली. हातात काही आलं नाही. मग माझ्या डोक्यात रविराज सरांचं नाव आलं. पट्ट्यांच्या पेटीची किल्ली मॅडमखेरीज त्यांच्याकडंच होती.

४

शुक्रवारी सकाळी मॅडम लवकर राहूला गेल्या. अकरा वाजता तिथं पायरीची चाचणी होती. फूटभर उंच लाकडी ठोकळ्यावर तीन मिनिटं तालावर चढायचं आणि उतरायचं, मग ठोके बघायचे. मी मागं राहिले आणि रविराज सरांना एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला नेलं.

"सर, पेटी तुमच्या ताब्यात होती. पट्टे अदलाबदल करणं तुम्हाला अवघड नव्हतं."

त्यांनी चहा बशीत ओतला, शांतपणे प्यायले. "मी जळतो त्यांच्यावर. तुम्हाला तेच विचारायचं आहे ना? या प्रकल्पाची सगळी आखणी मी केली. प्रमुख त्या झाल्या. रोज सकाळी त्यांच्या दारावरची पाटी वाचून आत जातो मी."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

"पण मला त्यांचं काम पाडायचं असतं, तर मी मागच्या गुरुवारच्या बैठकीत सगळ्या साहेबांपुढं त्या सत्कारावर का बोललो असतो? चोरून वार करणारा आधी तोंडानं कशाला भांडेल? आणि बुधवारी रात्री पट्टे राहूला होते, मी पुण्याला." त्यांनी बॅगेतून एक लांब घडीचा कागद काढला. "सतरा नंबरची ही तासावार छापील नोंद. मॅडमनी फक्त बिघाड पाहिले, मी वेळा पाहिल्या. मला उलगडा होत नाही, तुम्ही बघा. पट्टा खोटं बोलत नाही, सिस्टर. आपण चुकीच्या माणसांना विचारतोय."

मी टपरीच्या बाकावरच कागद उलगडला. त्या बुधवारी रात्रभर काळीज संथ, मिनिटाला छप्पन्न ठोके. गुरुवारी सकाळी सहा चाळीस ते सात पाच, रेघच नाही. आंघोळ. आणि सात पाचनंतर जे काळीज सुरू होतं ते ब्याऐंशीवर.

माणूस आंघोळीला गेला आणि दुसराच होऊन बाहेर आला होता.

५

मी कागदावर बोट ठेवून पुढं सरकले. आता जरा लक्ष द्या, सगळी गोष्ट इथंच आहे.

नऊ ते एक. गिताबाई त्या वेळी कांदे लावत होती, नकुशी लावत होती, मल्हार मेंढरामागं होता. कागदावर मात्र त्या चार तासांत काळीज खुर्चीत बसल्यासारखं, ऐंशीच्या आसपास. त्या दिवशी त्या घरात बसून राहिलेलं कुणीच नव्हतं. म्हणजे हे काळीज त्या घरातलं नव्हे, आणि कदाचित राहूतलंही नव्हे.

आठ बावन्न. एका मिनिटात ठोके एकशे चाळीस, आणि पहिला बिघाड. मग दीड मिनिटात खाली.

आठ बावन्न म्हटल्यावर मला एक जिना दिसला. आमच्या ऑफिसचा, बेचाळीस पायऱ्यांचा. त्या गुरुवारी आम्ही राहूहून पावणेनऊला शिरूरला पोहोचलो होतो. मी पुढं होते. मॅडम मधल्या वळणावर थांबल्या, कठड्याला हात लावून मोबाईल बघत. मी वर उभी राहून मनात म्हटलं होतं, म्हाताऱ्या बाईला पुढं घालून ही मोबाईल बघते. घड्याळही बघितलं होतं मी. आठ बावन्न.

दोन दहा. दुसरा मोठा बिघाड. दोन दहाला मॅडम पाण्याचा जार उचलून ठेवत होत्या. मी उठले नव्हते मुद्दाम, म्हटलं उचलू दे, खेळाडू आहे ना.

चार पाच. बसल्या जागी ठोके एकशे अठ्ठेचाळीस, नऊ ठोके गुंतलेले. चार वाजता संगणकाच्या पडद्यावरची बैठक होती, आणि चार पाचला रविराज सरांनी सत्काराचा विषय काढला होता. मॅडम हसतमुखानं उत्तर देत होत्या. चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. त्या शांतपणाचा मला इतका राग आला होता की मी पाणी प्यायला बाहेर गेले.

अकराच्या अकरा वेळा मला पाठ होत्या. जिच्यावर माणूस जळतो तिचं दिवसभराचं सगळं त्याच्या डोक्यात लिहिलं जातं. ती काय खाते, कुठं थांबते, किती हसते. माया करणारासुद्धा इतकं बघत नाही.

मी सरांकडून पेटीची किल्ली घेतली आणि पळत ऑफिसात गेले. पेटी उघडली. सतरा नंबरची डबी हातात घेतली आणि चष्मा लावून तीनदा वाचली. सतराच होता. त्या पट्ट्याला मी पिवळा दोरा बांधला होता. आता त्याला लाल दोरा होता. आणि चाळीस नंबरला पिवळा.

गाठही माझी नव्हती. दोरा दातानं तोडलेला, आखूड झालेला, आणि वर कोकराच्या पायाला मारतात ती मेंढक्याची फासगाठ. आम्ही आठवडाभर ठोके वाचत बसलो होतो आणि पट्ट्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

देवळीत दोन पट्टे होते, तेव्हा मल्हार कासुर्डीला पोहोचला होता. स्वतःचा मान जाईल असं गिताबाई करणार नाही. बंबातलं गरम पाणी घेऊन नहाणीकडं ये-जा करत होती ती नकुशी. मी ओट्यावर बसून तिला बघतच होते म्हणा ना, फक्त माझं लक्ष मॅडमच्या महागड्या शाम्पूच्या बाटलीवर होतं. आणि सगळ्या गावात एकटीनंच मला विचारलं होतं, डॉक्टरीणबाईच्या पट्ट्याचं काय निघालं. ज्याला अदलाबदल माहीत नाही, तो हे कशाला विचारेल?

घड्याळात दहा चाळीस झाले होते. अकराला पायरीची चाचणी. आणि बायकांची रीत ठरलेली होती, आधी बाईंनी करून दाखवायचं.

६

मॅडमचा फोन वाजत राहिला. चाचणीच्या वेळी त्या फोन पिशवीत टाकतात. गिताबाईकडं फोन नाही. मल्हार रानात. मी नकुशीला फोन लावला.

"नकुशी, ओट्यावर आहेस?"

"व्हय. समद्या बाया जमल्यात."

"दोरे कुणी बदलले हे मी विचारत नाही. गाठ ओळखली मी." पलीकडचा बायकांचा गलका लांब गेला, ती बाजूला आली असावी. "ऐक. तुला वाटलं ना, खुर्चीत बसणाऱ्या बाईचं काळीज कमजोर असेल? ते खरोखरच कमजोर आहे. सतरा नंबरमध्ये त्यांचंच काळीज आहे. त्या ठोकळ्यावर चढल्या तर तिथंच जीव जाईल."

"म्या काय करू?"

"चढू देऊ नकोस."

फोन तुटला. रविराज सर तोवर गाडीची किल्ली घेऊन उभे होते. मी त्यांना एका वाक्यात सांगितलं. शिरूर ते राहू तासाभराची वाट. भीमेच्या पुलावर ते म्हणाले, "बैठकीत मी मुद्दाम लागेल असं बोललो होतो. चार वाजून पाच मिनिटं ना?" मी मुद्दाम उचलू दिलेला पाण्याचा जारही कुठं लहान होता.

गाडी नीट थांबायच्या आतच मी उतरले. ओट्यावर बायकांची गर्दी, आणि कुणीतरी तावातावानं बोलत होतं. मी गर्दीत घुसले.

मधोमध ठोकळा होता. ठोकळ्यावर नकुशी बसली होती, पदर खोचून, दोन्ही हातांनी कडा धरून.

"सिस्टर, बरं झालं आलात," मॅडम म्हणाल्या. चिडल्या होत्या, पण उभ्या होत्या. "तासभर झाला, या उठतच नाहीत. कारणही सांगत नाहीत."

"उठनार न्हाई," नकुशी जमिनीकडं बघत म्हणाली. "शिस्टर आल्याबिगर उठनार न्हाई."

७

"मॅडम, आधी खाली बसा," मी म्हटलं. असा आवाज मी प्रसूतिगृहात वापरायची. त्या बसल्या.

मी कागद पसरला आणि एकेक वेळ वाचली. जिना, जार, बैठक. दोन्ही पट्टे त्यांच्या मांडीवर ठेवले, दोरे दाखवले. चाळीस नंबरमधला चार तासांचा श्रम म्हणजे गिताबाईची कांद्याची लागण, हेही सांगितलं. त्या आधी हसल्या. मग त्यांचं बोट आठ बावन्नवर थांबलं, आणि हसू हळूहळू गेलं.

"मला चक्कर येते जिन्यात," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "चार महिने झाले. झोप कमी होते, असं समजत होते. म्हणून तर धावणं सोडलं. आणि चाळीस नंबरचा निकाल आला तेव्हा... मी पुन्हा तपासलाच नाही. दुसऱ्या कुणाचा असता तर रात्र आणि दिवस वेगळे करून बघितले असते. स्वतःचं चांगलं म्हटल्यावर लगेच खरं मानलं."

आयुष्य काळजावर घालवलेल्या बाईची चूक ती एवढीच होती.

नकुशी ठोकळ्यावरनं उठली. "दोरं म्या बदललं, बाई. तुमी आमच्या वट्याच्या चार पायऱ्या चढताना भिताडाला हात लावता, म्या बगितलं हुतं. म्हनलं, हिचं काळीज आक्काच्या नावावर जाऊ दे. आक्काचा नंबर जाईल. तुमाला कायतरी झालं आसंल, आसं मनात बी न्हवतं. माझ्या गळ्याची आन."

गिताबाई पुढं आली. मला वाटलं, आता झिंज्या धरते. ती म्हणाली, "मला सांगायचं हुतं की गं. शाल तुलाच दिली आसती."

"तीच तर नको हुती," नकुशी म्हणाली आणि रडायला लागली. "तू दिल्याली नको हुती."

गिताबाईनं तिला जवळ घेतलं नाही, तशी त्या घराची पद्धत नाही. तिनं फक्त तिच्या खोचलेल्या पदराचा सुटलेला कोपरा नीट केला.

मी मॅडमचं मनगट धरलं. परवानगी विचारली नाही. तीन बोटं ठेवली, घड्याळ बघितलं. एकविसाव्या ठोक्यानंतर नाडी अडखळली, तीन-चार ठोके नुसतेच थरथरले, मग पुन्हा लागली. रविराज सरांनी गाडी ओट्याला लावली. ते कधी गेले, कधी आणली, कळलं नाही. मागच्या सीटवर मॅडमना आडवं केलं आणि आम्ही थेट पुण्याला निघालो. सगळ्या वाटेत मी मनगट सोडलं नाही.

पुण्याला डॉक्टर म्हणाले, तीन मिनिटं चढ-उतार केली असती तर चौथं मिनिट आलं नसतं.

तीन महिन्यांनी मॅडम परत आल्या. गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवली आहे, काळीज बहकलं की ती त्याला दणका देते. मधल्या काळात काम रविराज सरांनी सांभाळलं आणि दारावरची पाटी मॅडमच्याच नावाची ठेवली. रोज पुसायचे म्हणे. सत्कार बंद झाला. पट्ट्यांना मात्र अजून माझेच दोरे आहेत, आणि आता अहवालात तसं माझ्या नावानिशी लिहिलं आहे.

पहिल्या दिवशी मॅडम जिन्याच्या वळणावर थांबल्या. या वेळी मोबाईल काढला नाही. मी दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिले.

"सिस्टर, एक विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "अकरा वेळा, मिनिटासकट. इतकं कसं लक्षात राहिलं तुमच्या?"

खोटं सांगणं सोपं होतं. बत्तीस वर्षांची सवय, असं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"जळत होते मी तुमच्यावर," मी म्हटलं. "अजून थोडी जळतेच."

त्या कठड्याला टेकल्या. मग त्यांनी डाव्या हाताचं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं आणि मनगट माझ्यापुढं केलं.

"मोजा," त्या म्हणाल्या.

मी तीन बोटं ठेवली आणि मोठ्यानं मोजायला लागले. चौऱ्याहत्तर भरले, एकही ठोका चुकला नाही. मग आम्ही उरलेल्या एकवीस पायऱ्या चढलो.